शेवटचा अंक आणि पंचवटी

मनमाड हे गाव बहुतेकांच्या आयुष्यात रात्री दोन-अडीच वाजता येतं. शिर्डीला निघालेले साईभक्त, नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला निघालेले सरदारजी, दौंडकडे, भुसावळकडे, संभाजीनगरकडे जाणारे नाना तऱ्हेचे लोक इथे गाडी बदलतात, फलाटावर सामानाला टेकून डुलक्या काढतात, चहा घेतात, 'इथे माणसं राहत असतील का' अशा नजरेने एकदा गावातल्या दिव्यांकडे बघतात आणि पुढे निघून जातात. तर, राहतात. त्यांतलाच मी एक.

अण्णा, म्हणजे माझे वडील, इथल्या रेल्वे कारखान्यात होते. पुलांचे गर्डर बनवणारा हा कारखाना इंग्रजांच्या अमदानीतला. कुठल्या कुठल्या नद्यांवरचे पूल आमच्या गावातून तयार होऊन गेले, आणि आमच्या स्वतःच्या रामगुळणा नि पांझण या दोन नद्या मात्र पावसाळ्याचे चार दिवस सोडले तर चपला न काढता ओलांडता येतात. ते असो. कारखान्याने आम्हाला पगाराखेरीज एक मोठी गोष्ट दिली, ती म्हणजे रेल्वेचा पास. महिनाअखेरीला घरातला पैसा संपायचा, पिंपातलं पाणी संपायचं, पण पास शिल्लक असायचा, आणि शिल्लक राहिलेला पास वाया जाणार या कल्पनेने आईच्या पोटात गोळा उठायचा. त्या पासाच्या काळजीपोटी ती कन्याकुमारीपर्यंत जाऊन आली. 'काय बघितलंस?' म्हणून विचारलं तर तिने फक्त वाटेतली स्टेशनं सांगितली, ओळीने, आणि कुठल्या स्टेशनावर इडली बरी मिळते तेही.

आईला नाटकाचं वेड, सिनेमाचं वेड, टीव्हीचं वेड आणि या तिन्हींच्या वरताण प्रवासाचं वेड. या सगळ्यात तिची नीट सोय लावून देण्याचं काम गेली कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. आणि तिने आजवर जो काही आनंद लुटला आहे, तो मी सोय लावून दिलेली असतानासुद्धा लुटला आहे.

नाटकाचं आधी सांगतो, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. मनमाडहून सकाळी सहाच्या सुमाराला पंचवटी एक्स्प्रेस सुटते आणि थेट मुंबईला जाते. 1975 साली ही गाडी सुरू झाली ती नाशिककडच्या लोकांना मुंबईतली कामं एका दिवसात उरकून परतता यावं म्हणून, असं सगळे समजतात. आईच्या मते ती दादरच्या शिवाजी मंदिरसाठी सुरू झाली. सकाळी पंचवटीत बसायचं, डब्यातल्या दशम्या कसाऱ्याच्या घाटात संपवायच्या, दादरला उतरून आत्याकडे हातपाय धुवायचे आणि दुपारचा चारचा प्रयोग गाठायचा. इथपर्यंत देवाची कृपा. पण परतीची पंचवटी बोरीबंदरहून सव्वासहाला निघते आणि दहा-बारा मिनिटांत दादरला येऊन उभी राहते, आणि मराठी नाटककार कितीही मोठा असला तरी चारला सुरू झालेलं नाटक सहाला संपवणं त्याला आजतागायत जमलेलं नाही. त्यामुळे व्हायचं असं, की रंगमंचावर नायिका थरथरत्या हाताने ते पत्र उघडतेय, सासरेबुवा छातीला हात लावून खुर्चीत बसतायत, सगळं थिएटर श्वास रोखून आहे, आणि नेमक्या त्या क्षणी अण्णा मनगट डोळ्यांजवळ नेऊन घड्याळ बघायचे, आई पिशवी उचलायची, आणि आमचं सबंध कुटुंब गुडघ्यांत वाकून 'जरा पाय घ्या, जरा पाय घ्या' करत, लोकांच्या पायांवर पाय देत रांगेतून बाहेर पडायचं. मागून हळू आवाजात शिव्या यायच्या. बाहेर येऊन फुलवाल्यांच्या गर्दीतून स्टेशनाकडे पळताना आई मागे वळून एकच प्रश्न विचारायची. "पत्र कुणाचं असेल रे?"

नाशिकला बघावं नाटक, असं तुम्ही म्हणाल. सगळे म्हणतात. पण नाशिकला संध्याकाळचा प्रयोग रंगात येतो तेव्हा हीच पंचवटी साडेनऊच्या सुमाराला नाशिकरोडला पोचत असते आणि शालिमारवरून नाशिकरोड गाठायला रिक्षाला अर्धा तास लागतो. म्हणजे त्या एका गाडीने दादरलाही शेवट कापला आणि नाशिकलाही. रात्री उशिराच्या गाडीने यायचं तर सकाळी अण्णांच्या कारखान्याचा भोंगा कुणासाठी थांबत नसे. परिणामी माझ्या आईने मराठी रंगभूमीवरची गेल्या पन्नास वर्षांतली बहुतेक गाजलेली नाटकं बघितली आहेत. शेवट मात्र अगदी अलीकडेपर्यंत एकाचाही बघितलेला नव्हता.

यात तिला कमीपणा वाटतो असं समजू नका. कमीपणा मला वाटतो. ती गाडीत बसली, खिडकीपाशी जागा मिळाली, की कल्याणपर्यंत गप्प असायची आणि कल्याण गेल्यावर उरलेलं नाटक सांगायला लागायची. इगतपुरीपर्यंत पत्राचा उलगडा झालेला असायचा, नाशिकरोडला व्हिलन पस्तावलेला असायचा आणि लासलगावच्या आसपास सगळे एका ताटात जेवत असायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी रेल्वे क्वार्टर्समधल्या बायका पापड लाटायला जमल्या की त्यांना आई पूर्ण नाटक ऐकवायची, पहिल्या घंटेपासून शेवटच्या पडद्यापर्यंत, आणि नाटककाराचं कुठे संपलं नि आईचं कुठे सुरू झालं हे त्यांतल्या एकीलाही कधी कळलं नाही. हल्लीची नाटकं दोन अंकी झाली यावर तिचा खरा राग आहे. पूर्वी संगीत नाटकं पाच अंकी असत, रात्रभर चालत. "तेव्हा असते तर चार अंक तरी पदरात पडले असते," ती म्हणते. "आता अर्ध्यावरच बोळवण."

या सगळ्याचा पहिला मोठा फटका मला बसला तो 'नटसम्राट'मुळे. हे नाटक 1970 साली आलं. डॉक्टर लागूंनंतर दत्ता भटांनी आप्पा बेलवलकर केले, ते आईने बघितले, मला मांडीवर घेऊन. मुलीच्या घरी आप्पांवर चोरीचा आळ येतो, म्हातारा-म्हातारी रात्री घर सोडून निघतात, इथपर्यंत तिने बघितलं, आणि मग अण्णांनी घड्याळ बघितलं. पुढचं तिने कल्याणनंतर पूर्ण केलं. मुलीला आपली चूक कळते, ती धावत स्टेशनवर जाते, आईबाबांना गाडीत चढताना गाठते, आणि जावई स्वतः सामान उचलतो. सामान जावई उचलतो, यावर तिचा विशेष भर होता. कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये त्यानंतरच्या दोन पिढ्या 'नटसम्राट' हे सुखान्त नाटक म्हणून वाढल्या.

मी कॉलेजात मराठी घेतलं होतं. 'नटसम्राट' अभ्यासाला होतं. पुस्तक वाचायची मला गरज वाटली नाही; ज्या घरात नाटक तोंडपाठ आहे तिथे चार आणे मोडून पुस्तक कशाला आणायचं? परीक्षेत प्रश्न आला, 'नटसम्राट ही शोकांतिका आहे, सोदाहरण स्पष्ट करा.' मी तीन पुरवण्या घेतल्या. ही शोकांतिका नाही, हा टीकाकारांचा गैरसमज आहे, असं मी सोदाहरण स्पष्ट केलं, जावयाने उचललेल्या वळकटीचं प्रतीक म्हणून विवेचन केलं, आणि आप्पांची पत्नी कावेरी उर्वरित आयुष्य नातवंडांत सुखाने घालवते, हा समारोप केला. त्या नाटकात कावेरी मरते. आप्पाही मरतात. पेपर तपासणाऱ्या सरांनी मला बोलावून घेतलं, माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं.

आईला मी हे सांगितलं नाही. पण 2016 च्या जानेवारीत महेश मांजरेकरांचा 'नटसम्राट' सिनेमा आला, नाना पाटेकरांचा, तेव्हा मला वाटलं, आता सोक्षमोक्ष लागू द्या. सिनेमाला शेवटपर्यंत बसता येतं, गाडी आडवी येत नाही. मोठ्या हौसेने क्वार्टर्समधल्या जुन्या मावश्यांसकट सगळ्यांना दाखवून आणला. बाहेर आल्यावर सगळ्या गप्प. मला वाटलं, भारावल्या. मग एक मावशी पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "शेवट बदलला हो मेल्यांनी." आईने मान डोलावली. "सिनेमावाले काही ठेवत नाहीत नीट. कुसुमाग्रज नाशिकचे, आपल्या जिल्ह्यातले. ते असते तर हे खपवून घेतलं नसतं त्यांनी." सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. मी कुसुमाग्रजांच्या वतीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण मला माझ्या तीन पुरवण्या आठवल्या. मी सगळ्यांना उसाचा रस पाजला.

तसं बघितलं तर आईचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. 'शोले'चासुद्धा शेवट सेन्सॉरने बदलायला लावला होता. मुळात ठाकूर गब्बरला ठार मारतो, आणि पडद्यावर ऐनवेळी पोलीस येतात. आणि आमच्या इथून तासाभरावर मालेगाव आहे, तिथल्या मंडळींनी तर सबंध सिनेमाच बदलून टाकला. नासिर शेख नावाच्या माणसाने 2000 साली गावातलीच माणसं उभी करून 'मालेगाव के शोले' काढला आणि तो तिकडे धो धो चालला. आईला ही बातमी कळली तेव्हा ती कौतुकाने म्हणाली, "बघ, त्यांनी हातपाय हलवले." हे वाक्य कुणाला उद्देशून होतं ते मी विचारलं नाही.

टीव्हीचं फारसं सांगण्यासारखं नाही, कारण तिथे आई पूर्ण सुखी आहे. 'चार दिवस सासूचे' ही मालिका 2001 ते 2013 अशी अकरा वर्षं चालली, भाग झाले तीन हजारांवर, आणि शेवट येण्याची चिन्हं नाहीत हे बघून आईला ती पहिल्या महिन्यापासून जवळची वाटली. मध्यंतरीच्या भारनियमनाच्या दिवसांत रोज ऐन भांडणाच्या प्रसंगी दिवे जायचे, त्याचंही तिला काही नव्हतं. मेणबत्ती लावून ती आम्हाला उरलेलं भांडण सांगायची, आणि ते मूळच्यापेक्षा बरं असायचं, असं माझी बायकोही म्हणते. मी या सुखात ढवळाढवळ केली ती अलीकडे. जाहिरातींचा त्रास नको म्हणून मी आईला फोनवरून टीव्हीवर मालिका लावायची सोय करून दिली, एकही जाहिरात नाही, सलग. आता, आई इतकी वर्षं स्वयंपाक जाहिरातींत करत आली होती. एका जाहिरातीत फोडणी, दुसरीत कणीक, तिसरीत कुकरची शिट्टी. जाहिरातीच नाहीत म्हटल्यावर ती ब्रेकची वाट बघत बसली, ब्रेक आलाच नाही, आणि आमटीचं पातेलं खालून काळं झालं. ते अजून माझ्याच्याने घासून निघालेलं नाही.

प्रवासाचं मात्र सांगायलाच हवं. त्यासाठी आमच्या पाण्याची गोष्ट तुम्हाला ठाऊक पाहिजे. वागदर्डी धरणाने तळ दाखवला की मनमाडला नळाला पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी पाणी यायचं. लग्नाचे मुहूर्त पंचांगात बघतात, आमच्याकडे आधी नळाचा दिवस बघतात. त्यामुळे इथल्या घरांत जितकी माणसं असतात त्याच्या तिप्पट पिंपं असतात. एका एप्रिलमध्ये आई भिशीच्या बायकांबरोबर अष्टविनायकाला निघाली, आणि नळाचा दिवस नेमका मधे येत होता. "मी आहे ना," मी म्हणालो. हे वाक्य मी म्हटलं की घरातले सगळे एकमेकांकडे बघतात, तसं त्या दिवशीही बघितलं. बायको माहेरी होती. पाणी रात्री येणार होतं आणि ते पहाटे तीनला आलं. शेजारच्या काकूंनी भिंतीवर लाटणं आपटून उठवलं. मी अर्धवट झोपेत मोटार लावली, पाईप घेतला आणि घरातली पोकळ दिसेल ती वस्तू भरत सुटलो. टाकी, हंडे, कळश्या, बादल्या, कुकर, आंघोळीचा तपेला, अण्णांचा जुना थर्मास, सगळं भरलं. दिव्याचा उजेड कोठीच्या खोलीत नीट पोचत नाही, तरी तिथली पिंपंसुद्धा सोडली नाहीत. एक पिंप तर चमत्कारिक लवकर भरलं, आणि मला माझ्या कामाच्या झपाट्याचं कौतुक वाटलं. त्यात वर्षाचे गहू होते.

हे माझ्या लक्षात आलं ते सकाळी, आणि तोवर गव्हांनी टम्म फुगून झाकण वर ढकललं होतं. मी गच्चीवर चादरी अंथरल्या, गहू पसरले, कबुतरं आली, कबुतरांना हाकलताना एक चादर शेजारच्या अंगणात गेली, गव्हांसकट, आणि काकूंनी वर बघून फक्त एवढंच विचारलं की आई कधी येणार आहेत. आई दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. तिने पिंपात हात घातला, मूठभर गहू काढले, एक दाणा अंगठा नि बोटात चिरडून बघितला, त्यातून पांढरा चीक आला तो बोटावर चोळला, वास घेतला. मी दाराआड उभा होतो. "बरं झालं," ती म्हणाली. "कुरडया घालायच्याच होत्या. आणखी एक दिवस भिजू देत, पाणी बदल." त्या उन्हाळ्यात आमच्याकडे इतक्या कुरडया झाल्या की आळीतल्या प्रत्येक घरात एकेक डबा गेला. मला नळाच्या दिवशी गावाबाहेर पाठवायची पद्धत तेव्हापासून पडली.

अण्णा गेले, भोंग्याची बंधनं संपली, आणि मी मनाशी ठरवलं की आईला एक तरी नाटक शेवटच्या पडद्यापर्यंत दाखवायचंच. आता तिकिटं फोनवर मिळतात. मी नाशिकचा प्रयोग शोधला, महाकवी कालिदास, रविवार संध्याकाळ, दुसरी रांग, मधल्या खुर्च्या. परत यायला गाडी सांगून ठेवली, घाई नको. शालिमारला उतरलो, आई इस्त्रीच्या साडीत, केसांत गजरा. दारावरच्या माणसाने माझा फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि परत दिला. नाशिकमध्ये महाकवी कालिदास कलामंदिर आहे. मुलुंडमध्ये महाकवी कालिदास नाट्यमंदिर आहे. आमची दुसरी रांग मुलुंडला रिकामी होती.

मी तिथेच पायरीवर बसलो. आई मात्र आत डोकावून आली. तिथे एका शाळेचं स्नेहसंमेलन चालू होतं, आणि शाळेच्या संमेलनात आजीला कोण अडवणार? ती आत जाऊन बसली. तासाभराने मी शोधायला गेलो तर ती कुठल्याशा पालकांच्या मधे बसून झाड झालेल्या एका मुलाला टाळ्या वाजवत होती. त्या झाडाला एकही वाक्य नव्हतं. संमेलन वेळेवर संपलं, बक्षीस समारंभासकट. आई पेढा खात बाहेर आली. "शेवट गोड झाला," ती म्हणाली, आणि उरलेला अर्धा पेढा माझ्या हातावर ठेवला.

मग मी हट्टाला पेटलो. पुन्हा दादर, पुन्हा दुपारचा चारचा प्रयोग, पण परतीला पंचवटी नाही. रात्री सिकंदराबादकडे जाणाऱ्या देवगिरीची दोन बर्थ मनमाडपर्यंत आरक्षित केली. देवगिरी मनमाडला मध्यरात्रीनंतर पोचते, म्हणून फोनला दोनचा गजर लावला. थिएटर कुठलं, तारीख कुठली, वार कुठला, सगळं बायकोकडून तपासून घेतलं. आणि आम्ही नाटक बघितलं. अथपासून इतिपर्यंत. सहा वाजता आईचा हात सवयीने पिशवीकडे गेला, तो मी धरून ठेवला. पडदा पडला, दिवे लागले, नट हात जोडून उभे राहिले. हे असं हात जोडून उभं राहतात हे आईला नवीन होतं. बाहेर आल्यावर मी धडधडत्या काळजाने विचारलं, "काय आई, कसा वाटला शेवट?"

"ठीक आहे," आई म्हणाली. "जरा घाई केली. त्यांनाही गाडी पकडायची असेल."

गाडीत बसलो. मी इतका कृतकृत्य झालो होतो की ठाणं जायच्या आत मला झोप लागली. फोनचा गजर मी दोनचा लावला होता हे खरं आहे. तो दुपारी दोनचा होता. जाग आली तेव्हा बाहेर चहावाल्यांचा गलका, आई खिडकीशी वेणी घालून तयार, आणि फलाटावरच्या पाटीवर छत्रपती संभाजीनगर. मनमाड मागे शंभरावर किलोमीटर राहिलं होतं. "आई, तू झोपली होतीस का?" मी ओरडलो. "छे," आई म्हणाली, "मला कुठली झोप? मनमाड गेलं, अंकाई गेलं, नगरसूल गेलं, रोटेगाव गेलं. सगळं बघत होते." "मग उठवलं का नाहीस?" तिने पिशवीची नाडी बांधत माझ्याकडे बघितलं. "तू इतका छान झोपला होतास. आणि वेरूळ बघायचं राहिलंच होतं."

टीसीने तिकिटं बघितली, मनमाडची. अडीचशे रुपये दंड, वर भाडं, माणशी. त्याने आईला विचारलं, "आजी, तुम्ही तर जाग्या होतात म्हणता?" आई म्हणाली, "मला काय विचारता, तिकिटं त्याच्याकडे आहेत." त्याने माझ्याकडे जे बघितलं, ते मी कॉलेजात एकदा अनुभवलं होतं.

वार सोमवार होता. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी, हे आईला पाठ होतं. त्यामुळे हा सगळा योगायोग होता यावर माझा आता पूर्ण विश्वास राहिलेला नाही. एसटीत 2022 पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तिकीट नाही. आई फुकट बसली, खिडकीत. मी पूर्ण पैसे भरून उभा होतो. नाटकासाठी घातलेले नवे बूट चावत होते, ते हातात घेऊन मी सोळाव्या लेण्यापर्यंत अनवाणी गेलो, आणि तापलेल्या दगडावर एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत असताना एका परदेशी बाईंनी मला काही स्थानिक विधी समजून फोटो काढला. आई कैलास लेण्याच्या आवारात उभी राहून वरपर्यंत बघत होती. बाराशे वर्षांपूर्वी राष्ट्रकूटांनी हा सबंध डोंगर वरून खाली कोरत आणला, कळस आधी आणि पाया शेवटी, असं तिथला गाईड एका सहलीला सांगत होता. आई हळूच त्या घोळक्यात शिरली आणि सगळं ऐकून घेतलं. परत येऊन मला म्हणाली, "हे बघ शहाणपण. शेवट आधी उरकून घेतला. मग बसा निवांत, करा किती वर्षं करायचं ते."

घृष्णेश्वरही झालं, उसाचा रस झाला, माझ्या पायांना फोड आले. ऑफिसातून फोन आला तेव्हा मी सांगितलं की मी मनमाडला चाललोय, आणि ते खोटं नव्हतं.

आता पुढच्या महिन्यात दादरला पुन्हा एक प्रयोग आहे. आईनेच पेपरात बघितलाय. यावेळी मी देवगिरीच्या वाटेलाच गेलो नाही, भुसावळकडे जाणारी रात्रीची गाडी बघून ठेवली, गजर बायकोच्या हातून लावून घ्यायचं कबूल केलं, आणि आईला विचारलं, "मनमाडची दोन तिकिटं काढतो?"

आई मालिका बघत होती. तिने आवाज थोडा कमी केला.

"भुसावळची काढ," ती म्हणाली. "मावशीला कळवलंय मी. उगाच पुन्हा दंड कशाला?"